न लागलेला खडा

विकलेला माल परत आला तो सकाळी. व्यापाऱ्याने टेम्पो अंगणात उलटा घेतला, मागचं फळकं पाडलं आणि गवतातले माठ काढून एकेक करून जमिनीवर ठेवायला सुरुवात केली. कुंभार चाकावर बसला होता. चाकावरचा माठ अर्धवट उभा राहिलेला, हात कोपरापर्यंत भरलेले. त्याने चाक थांबू दिलं आणि मग उठला.

गावात या व्यापाऱ्याला टिचकीशेठ म्हणत. माठ विकत घेताना तो प्रत्येक माठ कानाशी धरून बोटाच्या पेराने वाजवी आणि डोळे मिटून ऐके. लग्न ठरवताना त्याने नवरीलाही अशीच टिचकी मारून बघितली असणार, असं लोक म्हणत.

"आवाज सगळ्यांचा चांगला होता," तो म्हणाला. "माझ्या कानाने मला फसवलं नाही. पाणी भरलं आणि हे असं झालं."

कुंभाराने एक माठ उचलला. पोटावर नाण्याएवढी खपली उडालेली होती आणि खळग्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका होता. दुसरा माठ तसाच. तिसऱ्याला दोन ठिकाणी. त्याने नखाने ठिपका खरवडला. नखाला चुना लागला.

मातीत चुनखडीचा बारीक खडा राहिला तर आव्याच्या भट्टीत भाजताना त्याचा चुना होतो. माठ बाहेर निघतो तेव्हा धडधाकट असतो, वाजतोही छान. मग कोणीतरी त्यात पाणी भरतं, ओल आत शिरते, चुना फुगतो आणि वरची माती फोडून बाहेर येतो. हा दोष इतर कुंभारांच्या मालात असे. या घराच्या मालात तो कधी आला नव्हता, आणि त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. कुंभाराची बायको.

माती ती तुडवायची. हौदात उतरून मधोमध टाच रोवायची आणि पावलाला पाऊल चिकटवत गोल गोल कडेला यायची, मग कडेपासून परत मध्यावर. तोंडाने बोलणं चालू असायचं. बोलता बोलता पाय थांबला की समजायचं, खडा लागला. ती वाकायची नाही. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या चिमटीत खडा धरून तो कडेवरच्या डब्यात टाकायची आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करायची. मोहरीएवढा खडासुद्धा तिच्या तळव्याखालून निसटला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सासू म्हणाली होती, "सून कसली, चाळण आणली आहे घरात." तेव्हापासून ती चाळण झाली. लहानांची चाळणकाकी, मोठ्यांची चाळणवहिनी.

आता ती दारात उभी होती. टिचकीशेठने तिच्याकडे बघून हसून म्हटलं, "काय वहिनी, चाळणीला भोक मोठं पडलं वाटतं?"

 ती स्वतःच्या पायांकडे बघत होती.

"पुढचा आवा लागेल त्यातला माठ अन् माठ मी पाणी भरून ठेवीन," टिचकीशेठ कुंभाराला म्हणाला. आता तो हसत नव्हता. "एकाला जरी पांढरा डोळा फुटला, तर माझा रस्ता कारखान्याकडे. तिथे माती यंत्रातून निघते. यंत्राला आजारपण नसतं आणि सासूही नसते."

"सासूने काय केलं तुझं?" आतून म्हातारी ओरडली.

"काही नाही हो आजी. तुमच्यामुळेच तर माल चांगला निघायचा."

टेम्पो गेला. परत आलेले माठ अंगणात रांगेने राहिले, प्रत्येकाच्या पोटावर एक डोळा.

*

दुसऱ्या दिवशी बायको हौदात उतरायच्या आधी कुंभाराने मूठभर खडे ओल्या मातीत पेरले. म्हातारीला त्याने हे सांगितलं होतं, आपल्या मुलीला नाही. मग तो चाकापाशी बसून राहिला, पण चाक फिरवलं नाही.

ती मध्यापासून कडेला आली, कडेपासून मध्याला गेली. तिचं बोलणं मात्र बंद होतं. ती पाय टाकताना खाली बघत होती, अंधारात जिना उतरणाऱ्या माणसासारखी. पूर्वी ती खाली कधी बघत नसे.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

"डब्यात काय आहे?"

तिने डब्याकडे पाहिलं. डबा रिकामा होता. कुंभार उठला, हौदाच्या कडेला बसला, मातीत हात घातला आणि एक खडा काढून तिच्या तळहातावर ठेवला. परत हात घातला, दुसरा ठेवला. तिसऱ्या खड्याला तिने मूठ मिटली.

"मला कळत नाही हल्ली," ती म्हणाली. "पायांना कापूस गुंडाळून चालल्यासारखं वाटतं. मी सांगणार होते तुम्हाला."

"आणि रात्री पाय जळतात म्हणून चादर भिरकावतेस ते?"

"जळतात."

"कुठे जळतात?"

"तळवे. बोटं. निखाऱ्यावर धरल्यासारखी. चादरीचं टोक लागलं तरी सहन होत नाही. मध्येच कोणी सुई तापवून आरपार घालावी तसं होतं."

"खडा टोचला तर तळव्याला कळत नाही. आणि चादर लागली तर तळवा जळतो."

"हो."

"दोन्हीतलं एक काहीतरी ठरव गं," कुंभार म्हणाला. तो ओरडला नाही. "एक तर बधिर आहेत म्हण, नाही तर दुखतात म्हण. दोन्ही कसं होईल?"

"मला जे होतं ते सांगते. कसं होतं ते मला काय माहीत?"

"कामाचा कंटाळा आला की पायच आधी बोलतात," म्हातारी ओसरीवरून म्हणाली. "आमचेही बोलायचे. आम्ही ऐकलं नाही एवढंच."

कुंभाराने तिला ओट्यावर बसवलं, तांब्याभर पाणी घेऊन तिचा उजवा पाय स्वच्छ धुतला आणि उन्हात वर धरला. टाच पाहिली, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, अंगठ्याने तळवा दाबत गेला. भेग नाही, फोड नाही, सूज नाही, काळंनिळं नाही. मडक्यात दोष असला की कुठेतरी केसाएवढी का होईना, रेघ सापडते. त्याने नकळत घोट्याच्या हाडावर बोटाच्या पेराने टिचकी मारली. मुलीला हसू आलं. बायकोलाही आलं.

"वाजतोय ना नीट?" ती म्हणाली.

"पाय चांगला आहे," तो म्हणाला आणि पाय खाली ठेवला.

*

त्यानंतर काही दिवसांनी तो पहाटे बाहेर आला तर बायको हौदाच्या कडेवर बसलेली. दोन्ही पाय घोट्याच्या वरपर्यंत गार मातीत बुडवलेले, डोकं गुडघ्यांवर. झोप लागली होती. त्याच्या चाहुलीने दचकून जागी झाली आणि उभी राहून पाय हलवायला लागली.

"एवढ्या लवकर?" तो म्हणाला.

"लवकर उरकलेलं बरं."

त्याला बरं वाटलं. चहा पिताना तो म्हातारीला म्हणाला, "आता मनावर घेतलंय तिने. उजाडायच्या आधी हौदात होती." म्हातारीने मान डोलावली. बायकोने कपात बघत चहा संपवला. रात्रभर ती फरशीवर पाय टेकून बसत होती, फरशी तापली की जागा बदलत होती, आणि शेवटी या घरातली सगळ्यात गार जागा हौदातली माती आहे हे तिला सापडलं होतं. पण हे सांगितलं तर पुन्हा दोन्हीतलं एक ठरवावं लागलं असतं. शिवाय नवऱ्याने सकाळी सकाळी कौतुकाचं बोलावं असं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

मुलीने मात्र तिला पहिल्या रात्रीपासून पाहिलं होतं. सोळा-सतरा वर्षांची पोर, बापासारखी कमी बोलणारी. तिने एक दिवस आईची चप्पल दारात सरळ करून ठेवली आणि म्हणाली, "चल. दवाखान्यात जायचं."

"बाबांना विचारू दे."

"मी सांगितलं त्यांना. बाजारात जातोय म्हणून."

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या, पण पायांपाशी आल्यावर त्यांची घाई थांबली. त्यांनी बायकोला डोळे मिटायला सांगितलं आणि माशाच्या गळाला असते तशी एक ताठ बारीक दोरी घेऊन ती तळव्याला जागोजागी टेकवली.

"लागलं की सांगा."

बायको डोळे मिटून बसली. मुलगी बघत होती. दोरी टाचेवर वाकली, चवड्यावर वाकली, अंगठ्याखाली वाकली.

"सुरू करा की बाई," बायको म्हणाली.

"झालं करून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बायकोने डोळे उघडले. तिने मुलीकडे बघितलं. मुलगी खिडकीकडे बघत होती.

रक्तात साखर होती. कधीपासून ते कोणाला सांगता येणार नव्हतं, पण बरीच वर्षं असावी. डॉक्टरीणबाईंनी स्टूल पुढे ओढलं. "साखरेने पायाच्या नसा खराब होतात. नसेचं काम पायाची खबर वर पोचवायची. खराब झालेली नस खरी खबर पोचवत नाही. म्हणून खडा कळत नाही. आणि काहीच घडलेलं नसताना आग लागली, आग लागली म्हणून बोंब मारते. म्हणून जळतं."

"दोन्ही एकदम होतं?"

"दोन्ही एकदम होतं. बहुतेकांना तसंच होतं."

बायकोने पायांवर साडी ओढली. "मी दुकानातून दुखण्याची गोळी आणत होते. एकीने काही होईना म्हणून दोन."

"त्या गोळ्यांचा इथे उपयोग नाही. त्या जखमेच्या दुखण्याला. तुमचं दुखणं नसेतच तयार होतंय."

"म्हणजे खोटं?"

"खोटं कोण म्हणालं?"

तिने पुन्हा मुलीकडे बघितलं.

"दुखणं खरं आहे," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. "जिथे दुखतं तिथे जखम नाही, एवढंच."

"हे जरा आमच्या घरी येऊन सांगाल?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "त्यांनाच घेऊन या पुढच्या वेळी." मग त्यांनी गोळ्या समजावल्या. साखरेची वेगळी. नसेची वेगळी, ती रात्री, आधी कमी, मग हळूहळू वाढवायची. गुण यायला काही आठवडे जातात. सुरुवातीला गुंगी येते, तोल जातो, नंतर अंगवळणी पडतं. आपल्या मनाने मध्येच सोडायची नाही. "आणि पूर्ण बरं होईल असं मी म्हणत नाही. आग निम्मी झाली तरी आपण जिंकलो. झोप लागली तर आणखी जिंकलो. पण एक गोष्ट याहून महत्त्वाची. अनवाणी चालायचं नाही. घरातसुद्धा. रोज संध्याकाळी आरसा घेऊन तळवे बघायचे. तुम्हाला काही लागलं तर तुमचा पाय तुम्हाला सांगणार नाही, डोळ्यांनीच बघायला हवं. काम काय करता?"

"माती तुडवते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "चप्पल घालून तुडवता येते?"

बायकोला खरंच हसू आलं. "चप्पल घालून मग कळणार काय, बाई?" ती म्हणाली आणि मध्येच थांबली.

*

घरी कुंभाराने गोळ्या उलटसुलट करून बघितल्या. मुलीने जे ऐकलं होतं ते जमेल तसं सांगितलं. नस, खबर, बोंब. तो ऐकत होता, पण हाताने कच्च्या माठाचा काठ सारखा करत होता.

"म्हणजे पायाला काही झालेलं नाही," तो म्हणाला.

"पायालाच झालंय, बाबा. दिसत नाही."

"गुंगीची गोळी दिली म्हणजे दुखणं डोक्यात आहे असाच अर्थ झाला."

मुलगी आत निघून गेली.

माती आता मुलगी तुडवू लागली. तिच्या पायांना मोठे खडे कळत, बारीक कळत नसत. म्हणून तिने तुडवलेली माती घेऊन बायको चप्पल घालून ओट्यावर बसायची आणि लाडवाएवढा गोळा घेऊन तो बोटांनी चेचत चेचत पुढे सरकवायची. तिच्या हातांना अजून सगळं कळत होतं. डब्यात पुन्हा खडे पडू लागले. पण हौदभर मातीला पाय जितका वेळ घेत, त्याच्या कितीतरी पट वेळ बोटं घेत. कुंभाराचं चाक मातीसाठी थांबून राहायला लागलं. चाक थांबलं की तो आकाशाकडे बघे. ढग यायच्या आत माठ वाळून आवा लागायला हवा होता.

गोळीचा गुण दुसऱ्या कुणाच्या लक्षात आला नाही, तो मुलीच्या आला. एका सकाळी ती उठली तर आई चादर घेऊन झोपली होती. पायांसकट. कितीतरी दिवसांनी तिचे पाय चादरीखाली होते. मुलगी बराच वेळ ते बघत बसली. नंतर तिने विचारलं तेव्हा आई म्हणाली, "आहे आग. पण शेजारच्या घरात लागल्यासारखी."

त्याच दिवशी दुपारी बायको कच्च्या माठांची फळी सावलीतून उन्हात नेत होती. मध्येच अंगण तिरकं झाल्यासारखं तिला वाटलं. फळी कलली आणि सगळे माठ एकामागोमाग एक खाली बसले. ओल्या मातीचा आवाज होत नाही. ते नुसते चपटे झाले.

कुंभार आला. त्याने एकेक माठ उचलून परत हौदात टाकला. शेवटचा टाकून झाल्यावर तो म्हणाला, "आवा लागेपर्यंत गोळी थांबव."

"मध्येच सोडायची नाही म्हणाल्यात त्या."

"त्यांना माठ भाजायचे नाहीत. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. एकदा माल गेला की घे, दुप्पट घे. मी नको म्हणतोय का?"

तो नको म्हणत नव्हता. तिने नसेच्या गोळीचं पाकीट आतल्या फळीवर, डब्यामागे ठेवलं. साखरेची गोळी तेवढी घेत राहिली. रात्री तिने चादर स्वतःच घडी करून उशाशी ठेवली.

*

शेवटची माती कापताना तार तुटली. मातीचा मोठा ढीग कापायला कुंभार दोन टोकांना लाकडी मुठी बांधलेली तार वापरी. मुठी हातात राहिल्या, पण मधला बोटभर तुकडा उडून ढिगात गेला. त्याने दोन्ही हातांनी माती उकरली, सापडला नाही.

"बाबा, तुकडा?" मुलीने विचारलं.

"सापडेल. तुझ्या आईच्या पायाला लागेल."

तो हे बोलला, ढीग हौदात लोटला आणि नवी तार बांधायला बसला. मुलगी पाणी आणायला गेली. ओसरीवर म्हातारीनेही ते ऐकलं. त्या घरात हे वाक्य इतक्या वर्षांत इतक्या वेळा बोललं गेलं होतं की ते कोणाच्या कानाला अडलं नाही. हरवलेली सुई, तुटलेलं बटण, एकदा तर म्हातारीच्या कानातलं. मातीत काहीही पडलं तरी कोणी शोधत बसत नसे. तिचे पाय शोधत.

गोळी बंद झाल्यापासून आग परत आली होती, ती पहिल्यापेक्षा जास्त. पहाटे बायको हौदात उतरली. माती रात्रभराच्या गारव्याने जड झाली होती. ती आधी नुसती उभी राहिली. मग आग हटेल तशी टाच रोवून, पावलाला पाऊल चिकटवत, मध्यापासून कडेला निघाली. काम म्हणून नव्हे. तिचे पाय दुसरं काही शिकलेच नव्हते. कडेला आल्यावर तिने पाय धुतले आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं म्हणून न विसरता चप्पल घातली.

बायकोने बोटांनी चेचून दिलेली ती माती कुंभाराने नंतर घेतली आणि माठ केले. तारेचा तुकडा त्यात निघाला नाही. त्याला तो आठवलाही नाही.

आवा पेटला. लाकडं घालायची, धूर बघायचा, झाकण लिंपायचं, पुन्हा लाकडं. सगळेच आळीपाळीने उभे होते. बायकोही. अंगावर आव्याची धग आणि पायात तिची स्वतःची. आरसा घेऊन तळवे बघायचं त्या दिवसांत राहून गेलं. म्हातारी एकदा म्हणाली, "लंगडतेस का गं?" बायको म्हणाली, "छे." ती लंगडत नव्हतीच. लंगडायला दुखावं लागतं.

आवा थंड व्हायला सोडला त्या संध्याकाळी मुलीने ओसरी सारवल्यासारखी ओली बघितली. पावलाचे ठसे होते, एकाच पायाचे, टाचेपाशी काळपट. वासही येत होता. ती आईसमोर खाली बसली आणि तिची चप्पल काढली. चप्पल सहज निघाली नाही.

"बाबा," तिने हाक मारली. "पक्कड घेऊन या."

कुंभार आला. टाच सुजून चकाकत होती, वर घोट्यापर्यंत लाली चढली होती, आणि मधोमध काळ्या भोकात काहीतरी चमकत होतं. त्याने पक्कडीने टोक धरलं.

"दुखतंय?"

"नाही."

त्याने ओढलं. तार आली आणि येतच राहिली. बायको मान कलती करून बघत होती, शेजाऱ्याच्या पायातला काटा काढताना बघावं तशी.

"आता?"

"तिथे काहीच नाही," ती म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. "बोटं जळतायत हो. पार जळून चाललीत."

कुंभाराने वर बघितलं. बायको खोटं बोलत नव्हती. ती कधीच बोलली नव्हती. हातातली तार त्याने धुतली नाही, पुसली नाही. ती कुठली आहे हे त्याला तेवढ्यातच कळलं होतं.

*

ताप चढला. तालुक्याच्या दवाखान्यातून शहरात पाठवलं. तिथे आधी टाच, मग पाऊल असं म्हणाले, आणि शेवटी गुडघ्याखाली एक वीत ठेवून पाय काढला. डॉक्टरीणबाई भेटायला आल्या तेव्हा कुंभार बाकावरून उठून उभा राहिला. त्या काही बोलतील म्हणून तो थांबला. त्या बोलल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त सांगितलं की दुसरा पाय आता जपायचा, आणि गोळी आजपासून पुन्हा पहिल्यापासून, कमी करून सुरू करायची.

"आता आग तरी थांबेल ना?" त्याने विचारलं. "पायच नाही तर."

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

दवाखान्यातून एक दिवस घरी येऊन त्याने आणि मुलीने आवा उघडला. माठ लाल निघाले होते. टिचकीशेठने ठरल्याप्रमाणे प्रत्येकात पाणी भरलं आणि आठवडाभर ठेवलं. कशालाही पांढरा डोळा फुटला नाही. बोटांनी चेचलेल्या मातीत एकही खडा राहिला नव्हता. टिचकीशेठ एक माठ कानाशी धरून वाजवत अंगणातून ओरडला, "चाळण पास! कुठे आहेत वहिनी?"

 मुलगी खाली बसून गवत गोळा करत होती. टिचकीशेठने म्हातारीकडे बघितलं, मग माठ दोन्ही हातांनी, आवाज न करता, खाली ठेवला.

*

बायको घरी आली. मधल्या खोलीत खिडकीशी तिची खाट टाकली. चौथ्या-पाचव्या दिवशी, दुपारी, ती म्हणाली, "अंगठा जळतोय."

"कुठला?" मुलीने विचारलं.

तिने नुसतं बोट दाखवलं. जो नव्हता तो.

मुलीला वाटलं, आता बाबा काहीतरी म्हणतील. कुंभार दारात नुसताच उभा होता.  म्हातारी खाटेच्या पायथ्याशी बसली होती. मुलीने आईच्या अंगावर चादर टाकायला घेतली तशी म्हातारी एकदम खेकसली, "अगं हळू टाक! पायाला लागेल तिच्या." चादर जिथे टेकणार होती तिथे खाट रिकामी होती. मुलीने चादर गुडघ्यापर्यंतच ओढली आणि तिथेच दुमडली. म्हातारीने डोळे पुसले नाहीत. ती दुसरीकडे बघत राहिली.

गोळी चालू होती. पण तिला वेळ लागणार होता, हे आता घरात सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आग फारच वाढली. बायको दोन्ही हातांनी खाटेची कड धरून बसली होती. ओठ दाताखाली. कुंभार उठून हौदावर गेला. सावलीकडच्या कोपऱ्यातून, खालची, सगळ्यात गार माती त्याने काढली, थोडं पाणी मारलं आणि माठासाठी मळतो तशी मळली, वळवून, दुमडून, पुन्हा वळवून. मग ती पाटीत घेऊन आत आला, खाटेवर गोणपाट अंथरलं आणि जिथे पाय संपला होता त्याच्या पुढे मातीचा गोळा ठेवला.

"इथे?"

ती बघत होती. "जरा खाली."

त्याने माती खाली सरकवली.

"अजून. अंगठा कुठे असतो?"

त्याने अंदाज घेतला. तिचा पाय त्याने इतक्या वर्षांत धुतला होता तो एकदाच, पण मातीत उमटलेलं तिचं पाऊल रोज बघितलं होतं. त्याने माती तेवढी लांब केली, टाचेला जाड, मध्ये वाकवून, पुढे रुंद. मग दोन्ही हातांनी ती सगळीकडून दाबत गेला, बोटं जिथे असतील तिथपर्यंत.

तिचे हात खाटेच्या कडेवरून थोडे सैल झाले. आग कमी झाली की नाही, हे त्याने विचारलं नाही.

दाबता दाबता त्याचा हात थांबला. त्याने चिमटीने मातीतून काहीतरी उचललं.

"खडा होता?" तिने विचारलं.

"होता एक."

"काढलात?"

"काढला," तो म्हणाला.

तिने डोळे मिटले. तो खडा मुठीत धरून, दुसऱ्या हाताने माती ओली ठेवत, तिच्या पायाशी बसून राहिला.